डिग्री कॉफी आणि डिग्रीचं कर्ज

कुंभकोणमला गाडीतून उतरलं की पहिली पाटी दिसते ती कॉफीची. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’. पितळेची डबरा, त्यात पितळेचाच पेला, वर बोटभर फेस. आता कॉफीला डिग्री कोणी दिली? एक म्हणतो, दुधाची शुद्धता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवर पहिल्या धारेच्या दुधाचा आकडा चढा असायचा, त्या डिग्रीवरून हे नाव पडलं. दुसरा म्हणतो, छे, हे तर कॉफीत मिसळायच्या चिकोरीचं बिघडलेलं रूप. वाद मिटलेला नाही आणि कॉफी थंड होईपर्यंत तो मिटवायची कोणाला घाईही नाही.

मी तिथे गेलो होतो देवळांसाठी. आपल्याकडची पुष्कळ मंडळी नवग्रहांच्या यात्रेला कुंभकोणमला मुक्काम टाकतात, तसाच मीही सासरच्या माणसांबरोबर गेलो होतो. मे महिना, अंगाची लाही लाही. बारावीचा निकाल नुकताच लागलेला. आणि ओळखीच्या ओळखीतून आम्ही जेवायला गेलो ते एका तंजावरी मराठी घरात. तीनशे वर्षांहून जास्त काळ कावेरीच्या पाण्यावर वाढलेली ही माणसं. घरात जुन्या वळणाचं मराठी, पण हेल तमिळ. आमटीला सांबार म्हणतात आणि हा शब्द संभाजीराजांवरून आला असं छातीठोक सांगतात. (इतिहासकार मानत नाहीत, पण यजमानाशी वाद कोण घालणार?)

जेवणं झाल्यावर घरचे आजोबा मला ओसरीवर घेऊन बसले. मी मासिकाबिसिकात लिहितो एवढं त्यांना कळलेलं. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजच्या प्रवेशाची माहिती. दुसरा एका खासगी संस्थेचं गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक. नात बारावीला उत्तम मार्कांनी पास झालेली. तिला फिजिक्स घ्यायचं होतं. इंजिनीअरिंग नको म्हणजे नकोच.

आजोबांचा प्रश्न सरळ होता. “खासगीत तीन वर्षांचे फी, हॉस्टेल धरून सहा लाख लागतात. बँक कर्ज देते म्हणते. फिजिक्सला सहा लाख कर्ज काढावं का? फिटेल का ते?”

हा प्रश्न सांगलीतही विचारला जातो, नागपुरातही, आणि दरवर्षी याच महिन्यात विचारला जातो. म्हणून म्हटलं, एकदा पूर्ण हिशेबच मांडू.

त्या गावाला हा प्रश्न नवा नाही. पटत नसेल तर नदीपलीकडच्या त्या सरकारी कॉलेजात जा. 1854 साली सुरू झालेलं हे विद्यालय एकेकाळी ‘दक्षिणेचं केंब्रिज’ म्हणून मिरवायचं. 1904 साली तिथे श्रीनिवास रामानुजन नावाचा मुलगा शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाला. वडील कापडाच्या दुकानात कारकून, पगार महिना 20 रुपये. कॉलेजची फी सहामाहीला 32 रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. गणितापायी पोरानं बाकीच्या विषयांकडे पाठ फिरवली, इंग्रजीत नापास झाला, शिष्यवृत्ती गेली. त्या काळी बँका शिक्षणासाठी कर्ज देत नव्हत्या. 1905 साली हा मुलगा घरी न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासच्या दुसऱ्या कॉलेजातही तोच प्रकार झाला. 1912 साली त्याला मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी मिळाली, पगार 30 रुपये. पुढच्याच वर्षी मद्रास विद्यापीठानं त्याला संशोधनासाठी महिना 75 रुपयांची शिष्यवृत्ती दिली, हातात पदवी नसताना. म्हणजे कारकुनीच्या अडीचपट पैसे त्याला मिळाले ते अभ्यास करण्याचे. 1914 साली तो केंब्रिजला गेला, आणि त्याच्या वर्षाच्या 250 पौंडांतले 50 पौंड कुंभकोणमच्या घरी पोचावेत अशी व्यवस्था झाली.

रामानुजन गणिताचा, आणि असा माणूस शतकात एखादाच जन्मतो, हे कबूल. पण या गोष्टीतला पैशाचा भाग लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

फिजिक्सचंच उदाहरण हवं तर आपल्या माणसाचं घ्या. सर टी. माधवराव. 1828 साली याच कुंभकोणममध्ये, याच तंजावरी मराठी समाजात जन्मलेले. मद्रासच्या हायस्कुलात, जे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झालं, ते पॉवेल साहेबांकडे गणित आणि ‘नॅचरल फिलॉसॉफी’ शिकले. त्या काळी फिजिक्सला हेच नाव होतं. 1846 मध्ये पहिल्या वर्गात पास झाले आणि काही काळ पॉवेल साहेबांच्या जागी तेच विषय शिकवलेही. मग काय केलं? अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. तिथून त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक, आणि शेवटी त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी. विज्ञान शिकून माणूस हिशेबाच्या खात्यात जातो ही आजची रड नाही. (माधवरावांचं घराणंच दिवाणांचं होतं, हेही सांगायला हवं. त्यांच्या पोटाला चिमटा बसण्याची भीती नव्हती.)

अकाउंटंट जनरलच्या कचेरीची वाट आणखी एकानं धरली. चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांचं घराणंही मूळचं तंजावर भागातल्या खेड्यांतलं. 1907 साली फिजिक्सचे एम.ए. होऊन पहिले आले, आणि सरकारच्या वित्त खात्याची परीक्षा देऊन कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल झाले. कारण एकच, फिजिक्समध्ये पोट भरेल अशी जागाच नव्हती. दिवसा सरकारी हिशेब, आणि सकाळ-संध्याकाळ बऊबाजार स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत ध्वनी आणि प्रकाश. दहा वर्षं असं चाललं. 1917 साली कलकत्ता विद्यापीठानं प्राध्यापकी देऊ केली तेव्हा त्यांनी भरभक्कम सरकारी पगार सोडून कमी पगार घेतला. 1930 चं नोबेल सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली दहा वर्षांची नोकरी जास्त महत्त्वाची वाटते. कमी पगार घेण्याची मोकळीक त्यांना होती, कारण डोक्यावर डिग्रीच्या कर्जाचा हप्ता नव्हता.

आता आजोबांच्या कागदांकडे येऊ.

बँकेचं शैक्षणिक कर्ज आज ज्या रूपात मिळतं ते 2001 च्या आसपास ठरलं. इंडियन बँक्स असोसिएशननं नमुना योजना आखली आणि बहुतेक बँकांनी ती उचलली. चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत. मात्र आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. या सहीकडे घरात कोणी नीट बघत नाही. ‘कर्ज मुलीच्या नावावर आहे’ असं म्हणतात. नाही हो. ते दोघांच्या नावावर असतं, आणि हप्ता थकला की दोघांचीही पत बिघडते.

शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबत नाही. सोयीसाठी व्याजाचा दर दहा टक्के धरू. दरवर्षाच्या सुरुवातीला दोन लाख, असे तीन वर्षांत सहा लाख उचलले. पहिल्या दोन लाखांवर चार वर्षांचं व्याज 80 हजार, दुसऱ्यांवर 60, तिसऱ्यांवर 40. एकूण एक लाख 80 हजार. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी देणं सहा लाख नाही, सात लाख 80 हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिना सुमारे 10 हजार 300 रुपये. पंधरा वर्षांत फेडायचं तर 8 हजार 400. दुसरा आकडा बरा वाटतो, पण त्यात एकूण 15 लाख जातात.

आजोबांनी खिशातून पेन काढून हे आकडे माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या जागेवर लिहिले. मग शांतपणे विचारलं, “आणि बी.एस्सी. फिजिक्स झाल्या झाल्या पगार किती?”

इथे मला माझाच दाखला द्यावा लागला. मी स्वतः फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. जिल्ह्याच्या गावी, अनुदानित कॉलेजात. पास झाल्यावर तीन महिन्यांत लक्षात आलं, की बाजारात नुसत्या बी.एस्सी. फिजिक्सला असा भावच नाही. भाव मिळतो तो त्याच्या जोडीला काय आहे त्याला. बी.एड. असेल तर शाळा, कॉम्प्युटर येत असेल तर त्याची नोकरी, स्पर्धा परीक्षेची तयारी असेल तर बँक नाहीतर सरकारी खातं. मी पत्रकारितेची पदविका केली आणि इकडे आलो. सुरुवातीचा पगार सांगण्यासारखा नव्हता. पण माझ्या डिग्रीची एकूण फी घरच्या एका दिवाळीच्या खर्चात बसली असती, म्हणून मला हवं ते काम धरता आलं. महिन्याला दहा हजारांचा हप्ता असता तर पहिली मिळेल ती नोकरी धरून गप बसलो असतो.

नव्या बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या हातात समजा वीस हजार आले, तर निम्मा पगार बँकेला जाईल. उरलेल्या दहात ती चेन्नईत राहणार, की पुण्यात?

फिजिक्समध्ये कमाई नाही असा मात्र याचा अर्थ नाही. ती उशिरा येते, आणि येते तेव्हा बऱ्याचदा दुसरा कोणीतरी तुमच्या शिक्षणाचे पैसे देत असतो. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी केंद्र सरकारची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती 2008 पासून आहे. वर्षाला 80 हजार, त्यातले 60 हजार रोख आणि 20 हजार उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी. पैसे उशिरा जमा होतात ही मुलांची जुनी तक्रार आहे, म्हणून त्यावर घर चालवू नये. पण इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलाला ही मिळत नाही. फिजिक्सला जाणारीला मिळते. पुढे एम.एस्सी. करून नेटमध्ये जेआरएफ मिळाली की 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42 हजार, वर घरभाडं. पीएच.डी. करायचे हे पैसे. अर्थात ती मिळते थोड्यांनाच. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये एम.एस्सी. फिजिक्सवाल्यांना घेतात, शिकताना विद्यावेतन देतात, आणि पास झालेल्याला 56 हजार 100 मूळ पगाराच्या श्रेणीत अधिकारी म्हणून घेतात. ज्या हॉस्पिटलात कॅन्सरवर रेडिएशनचे उपचार होतात तिथे मेडिकल फिजिसिस्ट असावाच लागतो, तसा नियम आहे. एम.एस्सी. फिजिक्स आणि वर एक वर्षाची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका झाली की ही वाट खुली होते. डॉक्टर यंत्र चालू करायला सांगतात, पण किती किरण कुठे पडणार याचा हिशेब हा माणूस करतो. आमच्याकडे बारावीच्या मुलांना हे कोणी सांगतच नाही.

या सगळ्या वाटा एम.एस्सी.नंतर उघडतात. म्हणजे बी.एस्सी.ला काढलेलं कर्ज त्या दारापर्यंत ओढत न्यावं लागतं. बँकेनं पुढच्या दोन वर्षांसाठी हप्ता थांबवला, तरी आपल्या हिशेबात वर्षाला 60 हजार व्याज चढतच राहतं. सात लाख 80 हजारांचे नऊ लाख होतात, हप्ता 11 हजार 900. घरची परिस्थिती बेताची असेल तर मुलगी एम.एस्सी.ला थांबते का? नाही थांबत. बी.एस्सी. झाल्या झाल्या नोकरी शोधते. जिथून कमाई सुरू व्हायची त्या दाराच्या अलीकडूनच कर्ज तिला परत फिरवतं.

सरकारी व्याजसवलतीचं काय, असं आजोबांच्या मुलानं मध्येच विचारलं. सवलती आहेत, पण बारीक अक्षरं वाचा. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणकाळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, ती योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साधी बी.एस्सी. तिच्यात बसत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’त आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण ती निवडक संस्थांसाठी. देशभरातल्या सुरुवातीला 860. तुमची संस्था यादीत आहे का, हे माहितीपत्रकातल्या ताईंना विचारू नका, यादी स्वतः बघा. आणि कर्ज घ्यावंच लागलं तर एक करा. शिक्षण चालू असताना आणि पुढे हप्ता सुरू होईपर्यंत महिन्याचं व्याज घरून भरत राहा. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते 1,667 रुपये येतं, तिसऱ्या वर्षी पाच हजार. एवढं झेपलं तर शेवटी देणं सहा लाखांवरच राहतं आणि हप्ता 10 हजार 300 ऐवजी 7 हजार 900 होतो. बऱ्याच बँका त्याबद्दल व्याजात एक टक्का सूटही देतात. एवढंही झेपत नसेल, तर पुढचा हप्ता कसा झेपणार, हे त्याच वेळी कळतं.

आजोबा हसले नाहीत. त्यांना ते आधीच कळलेलं होतं. त्यांच्या थोरल्या नातवानं कर्ज काढून खासगी कॉलेजातून इंजिनीअरिंग केलं. तमिळनाडूत त्या वर्षांत इंजिनीअरिंग कॉलेजं रस्त्याच्या वळणावळणावर उघडत होती आणि शैक्षणिक कर्ज घेण्यात हे राज्य देशात पुढे होतं. नातवाला दोन वर्षं नोकरी नव्हती. हप्ता आजोबांच्या पेन्शनीतून जात होता. “बँकेतून फोन यायचा,” ते म्हणाले, “तो फोन त्याची आजी घ्यायची. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी येत नाही. ती प्रत्येक वेळी यस यस म्हणायची.”

2016 साली मदुराईत कर्ज थकलेल्या एका तरुण इंजिनीअरनं जीव दिला होता. थकलेली कर्जं वसुलीसाठी खासगी कंपनीला विकलेली होती, आणि त्यावर तमिळनाडूत गदारोळ झाला होता. त्या दिवसांत त्या आजी रात्री उठून नातवाच्या खोलीत डोकावून यायच्या. हे त्यांनीच सांगितलं, भांडी आवरता आवरता.

इंग्लंडमध्ये डिग्रीचं कर्ज आपल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. पण 2023 पासून तिथे शिकायला लागलेल्या मुलांना वर्षाला 25 हजार पौंडांच्या वर जेवढं मिळेल त्याच्या नऊ टक्के भरावं लागतं. कमाई त्याखाली असेल तर हप्ता शून्य, आणि चाळीस वर्षांत न फिटलेलं माफ. ऑस्ट्रेलियानं अशी पद्धत 1989 सालीच आणली. कर्ज काढावं की नाही यापेक्षा हप्ता कशाला बांधला आहे हा प्रश्न मोठा. आपल्याकडे तो तारखेला बांधलेला आहे, पगाराला नाही. फिजिक्ससारख्या सावकाश पिकणाऱ्या विषयाला हे फार जड जातं.

तोवर नात येऊन दाराशी उभी राहिली होती. आमचं सगळं बोलणं तिनं ऐकलेलं. तिनं विचारलं, “अंकल, त्या रंगीत कॉलेजात लॅब चांगली असेल ना?”

हा प्रश्न मला हवा होता आणि नकोही होता. कारण खरं उत्तर ‘असू शकेल’ हेच आहे. सरकारी कॉलेजांत रिकाम्या जागांवर तासावर नेमलेले शिक्षक असतात, उपकरणं जुनी असतात, हे आपल्याकडेही आहे आणि तिकडेही. मी तिला म्हटलं, दोन्ही ठिकाणी जा. लॅब बघ. एका टेबलाभोवती किती मुलं प्रयोग करतात ते मोज. आणि गेल्या तीन वर्षांत इथून बी.एस्सी. झालेली किती मुलं आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेतून एम.एस्सी.ला गेली ते विचार. जो आकडा सांगेल तो बरा, जो ‘आमच्याकडे खूप स्कोप आहे’ म्हणेल त्याला नमस्कार कर आणि उठ. बाकी पहिल्या तीन वर्षांचं फिजिक्स देशभर बरंचसं सारखंच असतं. ते पुस्तकात असतं, कागदावर सोडवायच्या गणितांत असतं. लॅबचा खरा फरक पडतो तो एम.एस्सी.ला. तिथे वेळ पडली तर दोन वर्षांपुरतं छोटं कर्ज काढ, मी स्वतः सांगेन काढ म्हणून. नोकरी तेव्हा समोर दिसत असते.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, “लॅब पाहायला तुम्ही येता का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवग्रहांतली एक यात्रा बुडवली. सासूबाई रागावल्या. रामानुजनच्या काळात ही नदी नावेतून, नाहीतर उन्हाळ्यात पाण्यात उतरून ओलांडत. आम्ही पुलावरून गेलो. खाली कावेरीत पाणी नव्हतं, नुसती वाळू. कॉलेजच्या फिजिक्स विभागाला कुलूप होतं, मे महिन्याची सुट्टी. शिपायानं खिडकी उघडून आत बघू दिलं. लांब लाकडी टेबलं, त्यांवर स्पेक्ट्रोमीटर प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून ठेवलेले. मुलीनं खिडकीच्या गजांतून बोट करून ते मोजले. अकरा झाले.

“आणि मुलं?” तिनं शिपायाला तमिळमध्ये विचारलं. त्याचं उत्तर तिनं मला सांगितलं नाही. घरी जाऊन आजोबांनाच सांगायचं म्हणाली.